पाठविलेले पत्र आणि पोचलेले पत्र

पत्र पेटीत पडले म्हणजे ते पोचलेच, हा समज माणसाच्या मनात फार खोल रुजलेला आहे. पेटीत पत्र टाकणारा निश्चिंत होऊन मागे वळतो. पत्र पोचले नाही तर दोष टपालखात्याचा, पावसापाण्याचा, फार तर नशिबाचा. पाठविणाराचा खचित नव्हे! कागदी पत्रांच्या काळी ही निश्चिंती पुष्कळ अंशी परवडत असे. पत्र लिहिणारा मनुष्य होता. आठ-पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच्या मनास चुटपुट लागे आणि तो दुसरे पत्र टाकी. परंतु आज पत्रव्यवहाराचा फार मोठा भाग मनुष्य लिहीत नाही, यंत्र लिहिते. बँकेत रक्कम जमा झाल्याची सूचना, शाळेच्या शुल्काची आठवण, विजेच्या बिलाची तारीख, गृहनिर्माण संस्थेच्या सभेची नोटीस, ही पत्रे कोणी कारकून रोज बसून लिहीत नसतो. संगणकाने काय करावे, याचा लेखी आज्ञाक्रम कोणी तरी एकदा तयार करून ठेवलेला असतो. त्यास स्क्रिप्ट म्हणतात. ही स्क्रिप्ट नेमलेल्या वेळी आपोआप ई-मेल सोडीत राहते. यंत्रास चुटपुट लागत नाही. उत्तर आले काय, न आले काय, त्यास दोन्ही सारखेच. म्हणूनच यंत्राने सोडलेले पत्र कोठे अडले हे शोधण्याची कला केवळ संगणकशास्त्र्यांपुरती राहिलेली नाही. ज्याच्या घरी अशी पत्रे येतात आणि ज्याच्या संस्थेतून ती जातात, त्या प्रत्येकास ती थोडीफार अवगत असणे अवश्य आहे.

उदाहरणासाठी धाराशिव तालुक्यातील बेंबळी हे गाव घ्यावे. सभोवारचा मुलूख सोयाबीनचा. अशा गावचा एखादा तरुण पुण्यास नोकरीस आहे, आणि गावातील शेतकऱ्यांच्या एका गटासाठी त्याने एक लहानशी स्क्रिप्ट लिहून दिली आहे, अशी कल्पना करावी. रोज सायंकाळी सात वाजता गटाच्या १८० सभासदांस बाजारभाव, पावसाचा इशारा आणि गटाच्या सूचना ई-मेलने जाव्यात, म्हणजे काय कळविले व केव्हा कळविले याची नोंद राहील, हा त्याचा हेतू. पहिला महिना सुरळीत जातो. मग एके दिवशी गावाहून चुलत्याचा फोन येतो, “अरे बाळा, तू पाठीवलं म्हनतोस, पर हितं तर काहीच आलं न्हाई.” तरुण संगणकापुढे बसतो, नोंद पाहतो आणि म्हणतो, “आप्पा, इकडं तर पाठवलं असंच दिसतंय.” आता या दोघांत खोटे कोण बोलतो? कोणीच नाही. पाठविणे आणि पोचणे या दोन क्रियांच्या मध्ये जो मोठा प्रदेश पसरलेला आहे, तो दोघांसही दिसत नाही, एवढेच. प्रस्तुत भाषणाचा विषय हाच मधला प्रदेश आहे.

या भागातील जुन्या पिढीस हा मधला प्रदेश नवा नव्हता. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि शेजारची बार्शी व सोलापूर ही गावे ब्रिटिश मुलखात. हैदराबाद संस्थानचे टपाल स्वतंत्र होते. १८६९ सालापासून त्याची स्वतःची तिकिटे निघत, आणि ती १९५० सालापर्यंत चालली. त्या तिकिटाची सत्ता मात्र संस्थानाच्या हद्दीपुरतीच. पत्र हद्द ओलांडून सोलापुरास जावयाचे असेल तर तेथे निजामाचे तिकीट निरुपयोगी. त्यास ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. पत्र पोचावयाचे म्हणजे ते केवळ निघून भागत नाही, हद्दीपलीकडच्या खात्याने ते मान्य करून आपल्या हाती घ्यावे लागते, हे त्या काळच्या व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नसे.

ई-मेलची रीत थेट हीच आहे. पाठविणाराचा एक सर्व्हर असतो आणि घेणाराचा दुसरा. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू असणारा, इतरांची कामे करून देणारा संगणक. त्यास येथे टपालघर समजावे. एका टपालघराने दुसऱ्याच्या दारी जाऊन पत्र कसे स्वाधीन करावे, याचे नियम जॉन पोस्टेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८२ साली लिहून काढले. त्या नियमांस एसएमटीपी म्हणतात. २००८ साली त्यांची सुधारलेली आवृत्ती निघाली, पण गाभा तोच राहिला. या नियमांत एक वचन फार मोलाचे आहे. घेणाऱ्या टपालघराने २५० हा अंक उच्चारला, की पत्राची जबाबदारी त्याच्याकडे गेली. त्याने ते पुढे पोचविले पाहिजे, नाही तर पोचविता आले नाही असे पाठविणारास कळविले पाहिजे. ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच, की ‘२५०’ याचा अर्थ ‘वाचले’ असा नाही, ‘इनबॉक्समध्ये ठेवले’ असाही नाही. ‘पुढच्याने हाती घेतले’ एवढाच आहे. त्यातून पुष्कळ स्क्रिप्टांच्या नोंदीत जे ‘पाठविले’ असे उमटते, त्याचा अर्थ याहूनही अल्प असतो. स्क्रिप्टने पत्र आपल्याच घरच्या टपालघरात टाकले, इतकीच ती ग्वाही असते.

हातोहात पत्र पुढे देण्याची ही पद्धत महाराष्ट्रानेही तिच्या बाल्यावस्थेत पाहिलेली आहे. १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट या योजनेत मुंबईची दोन ठिकाणे प्रारंभापासून अग्रभागी होती. एक पवईची आयआयटी व दुसरे जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी होते. त्या वेळी संगणक एकमेकांस साध्या टेलिफोनच्या तारेवरून जोडले जात. तार लागेपर्यंत पत्रे साठवून ठेवावयाची आणि लागली की पुढे ढकलावयाची, असा क्रम होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांस इंटरनेट खुले केले. त्यानंतर वेग इतका वाढला, की मधले टप्पे लोकांच्या दृष्टीआड झाले. परंतु ते नाहीसे झालेले नाहीत. आणि बिघाड शोधावयाचा म्हणजे हे टप्पे एकामागून एक तपासावयाचे, याखेरीज त्यात गूढ असे काही नाही.

पहिला प्रश्न असा, की स्क्रिप्ट मुळात चालली काय? हा प्रश्न इतका साधा आहे, की तो विचारावयाचेच राहून जाते. नेमल्या वेळी काम करणाऱ्या यंत्रणेस पुष्कळ संगणकांवर क्रॉन म्हणतात. हे नाव ग्रीक भाषेतील कालवाचक शब्दावरून पडलेले आहे. परदेशात ठेवलेले सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. तेव्हा तरुणाने ‘१९ वाजता’ असे लिहिले, तर बेंबळीस पत्र निघेल रात्री साडेबारा वाजता. सायंकाळी सातास ते निघावे यासाठी तेथे दुपारचे दीड लिहावे लागेल. दुसरी गोष्ट अशी, की तीच स्क्रिप्ट हाताने चालविली तर चालते आणि क्रॉनने चालविली तर मुकाट्याने बंद पडते, असा अनुभव नवशिक्यांस नेहमी येतो. त्याचे कारण घरगुती आहे. घरचा मनुष्य स्वयंपाकघरात गेला तर मीठ कोणत्या डब्यात आहे हे त्यास ठाऊक असते. रात्रीपुरता आलेला नवा माणूस ‘मीठ घाल’ एवढ्या आज्ञेने गोंधळून जातो. क्रॉन हा तसा नवा माणूस होय. कोणता कार्यक्रम कोणत्या ठिकाणी आहे, हे त्यास संपूर्ण मार्गासह सांगावे लागते.

यावर उपाय आपल्या कचेऱ्यांनी कधीच शोधून ठेवलेला आहे. त्याचे नाव आवक-जावक वही. हरएक सरकारी कचेरीत पत्र बाहेर पडण्यापूर्वी त्यास जावक क्रमांक पडतो. पत्र गेले की नाही हा वाद निघाला तर वही उघडली जाते, तोंडी शब्दावर कोणी विसंबत नाही. स्क्रिप्टनेही अशी वही ठेवली पाहिजे. संगणकाच्या बोलीत तिला लॉग म्हणतात. किती वाजता काम सुरू झाले, कोणत्या पत्त्यावर पत्र सोडले, समोरच्या टपालघराने काय उत्तर दिले आणि काम केव्हा संपले, या चार गोष्टी प्रत्येक पत्रामागे तीत उतरल्या पाहिजेत. प्रत्येक ई-मेलला मेसेज-आयडी म्हणून एक स्वतंत्र ओळख-अंक असतो. तोच त्याचा जावक क्रमांक. जेथे ही वही नाही तेथे बिघाड शोधणे म्हणजे अंधारात सुई शोधणे होय.

स्क्रिप्ट चालली असे वहीवरून ठरले, तर दुसरा प्रश्न: पत्रे सर्वांची अडली, की काहींचीच? या एका प्रश्नाने निम्मे निदान होते. बेंबळीच्या उदाहरणात समजा असे आढळले, की यादीतील पहिल्या १०० सभासदांस पत्रे मिळतात आणि शेवटच्या ८० जणांस कधीच मिळत नाहीत. मग दोष त्या ८० जणांच्या फोनांत शोधणे व्यर्थ आहे. गूगलच्या ॲप्स स्क्रिप्ट या सोयीत वैयक्तिक खात्यास दिवसाकाठी १०० जणांसच पत्रे पाठविण्याची मर्यादा आहे. ती ओलांडली की पुढची पत्रे निघतच नाहीत. यादी वर्णानुक्रमाने लावलेली असेल तर ‘अ’पासून ‘प’पर्यंतची घरे तृप्त आणि ‘ब’पासून पुढची उपाशी, असा विलक्षण न्याय यंत्राकडून घडतो. याउलट एकाही सभासदास पत्र मिळाले नसेल, तर कारण उगमापाशी शोधावे. आणि एखाद्याच सभासदाची तक्रार असेल, तर प्रथम त्याचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहावा.

उगमापाशी जे विघ्न सर्वांत अधिक वेळा उभे राहते ते पासवर्डाचे. पूर्वी स्क्रिप्टमध्ये जीमेलचा नेहमीचा पासवर्ड लिहून ठेवला तरी काम भागे. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही वाट बंद केली. तेव्हापासून अशा कामास ॲप-पासवर्ड म्हणून १६ अक्षरांचा वेगळा परवाना काढावा लागतो. मौज अशी, की खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की हे परवाने आपोआप रद्द होतात. घरातील कोणी सावधपणे पासवर्ड बदलतो आणि त्याच सायंकाळपासून १८० जणांची पत्रे थांबतात. दोन गोष्टींचा संबंध मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी समोरचे टपालघर ५३५ हा अंक उच्चारते. त्याचा अर्थ, ‘तुमची ओळख पटली नाही.’ आणि अंकच न येता नुसती वाट पाहून स्क्रिप्ट थकली, तर दारच बंद आहे असे समजावे. जुन्या २५ क्रमांकाच्या दारातून बाहेर पत्रे सोडण्यास पुष्कळ सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्या मज्जाव करतात. स्क्रिप्टने आपल्या टपालघराकडे पत्र देण्यासाठी ५८७ क्रमांकाचे दार नेमलेले आहे.

येथे या अंकांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण बिघाडाची खरी भाषा तीच आहे. तीन अंकी उत्तरातील पहिला अंक महत्त्वाचा. २ म्हणजे मान्य. ४ म्हणजे ‘आता नको, थोड्या वेळाने या.’ ५ म्हणजे ‘पुन्हा येऊ नका.’ पेटी तात्पुरती भरलेली असेल, टपालघरात गर्दी झाली असेल, तर ४ येतो. तसा पत्ताच अस्तित्वात नसेल तर ५५० येतो. २००३ साली इव्हॅन हॅरिस याने एक युक्ती सुचविली. अनोळखी पाठविणारास पहिल्या खेपेस मुद्दाम ४ सांगावयाचे. प्रामाणिक टपालघर काही मिनिटांनी परत येते, उपद्रवी माणसास तेवढा धीर नसतो. युक्ती नामी आहे, परंतु जी स्क्रिप्ट थेट घेणाराच्या दारी जाते आणि ४ ऐकताच पत्र फेकून देते, तिच्या सभासदांस पत्र कधीच मिळत नाही. उलट ५ ऐकूनही जी रोज तेच दार ठोठावते, तिची गणना उपद्रव देणाऱ्यांत होऊ लागते. सारांश, ४ पुढे चिकाटी हवी आणि ५ पुढे माघार. पत्र योग्य त्या टपालघराच्या हवाली केले तर ही चिकाटी ते स्वतः पाळते. नियमांप्रमाणे त्याने चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नयेत.

आता असे समजावे, की समोरून २५० आले, जबाबदारी पुढच्याकडे गेली, तरी सभासद म्हणतात पत्र नाही. येथे बहुधा ते स्पॅम नावाच्या अडगळीच्या खोलीत पडलेले असते. ही खोली का निर्माण झाली, हे समजल्याखेरीज तिच्यावर रागावणे योग्य नव्हे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थ्यूर्क या अमेरिकन विक्रेत्याने त्या काळच्या लहानशा संगणकजालातील सुमारे ४०० लोकांस न मागता आपल्या मालाची जाहिरात पाठविली. तेव्हापासून ही साथ वाढतच गेली, आणि दारावरचे पहारेकरी संशयी बनले. पोस्टेलच्या मूळ नियमांत पाठविणाराची ओळख पटविण्याची सोय नव्हती. पाकिटावर मागील बाजूस कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे येथेही होते.

ही उणीव पुढे ज्या तीन उपायांनी भरून काढली, ते मराठी वाचकास परके वाटू नयेत. जुन्या मराठी दफ्तरातील कागदास आरंभी शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. मोर्तब अशासाठी, की मजकूर संपला त्या जागेच्या खाली पुढे कोणी काही वाढवू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपल्या बोलण्यात आला तो येथून. डीकेआयएम या नावाने ओळखली जाणारी खूण हेच काम करते. पत्रातील मजकुरावरून गणिताने एक मोहोर तयार होते. वाटेत एक अक्षर जरी बदलले, तरी मोहोर जुळत नाही. दुसरा उपाय एसपीएफ. यात संस्था जाहीर करून ठेवते, की आमची पत्रे अमुक अमुक सर्व्हरच आणतील; दुसऱ्या कोणी आणली तर ती आमची समजू नयेत. ही जणू जासुदांची यादीच होय. तिसरा उपाय डीमार्क. जासूद ओळखीचा नाही आणि मोहोरही जुळत नाही, अशा पत्राचे काय करावे, आत घ्यावे, अडगळीत टाकावे की दारातूनच परतवावे, हे संस्था त्यात सांगून ठेवते. या तिन्ही गोष्टी डीएनएस नावाच्या जागतिक नामसूचीत नोंदवाव्या लागतात. पहिला महिना सुरळीत जाऊन मग बिघाड होण्याचे एक नेहमीचे कारण येथेच सापडते. संस्था आपला सर्व्हर बदलते, परंतु जासुदांची यादी बदलावयास विसरते. आणि तिचीच पत्रे तिच्याच नावाने परकी ठरतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी या बाबतीत नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा अधिक पत्रे सोडणारास तिन्ही उपाय सक्तीचे झाले, आणि लहान पाठविणारासही मोहोर वा जासुदांची यादी यांपैकी एक तरी आवश्यक ठरली.

मराठी पत्राच्या वाटेत आणखी एक खळगा आहे. १९८२ चे नियम केवळ इंग्रजी लिपी डोळ्यापुढे ठेवून केलेले होते. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइटांत, म्हणजे इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागेत मांडले जाते. १९९२ साली नेथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी माइम नावाची पद्धत घालून दिली, तेव्हा कोठे इतर लिप्यांतील मजकूर आणि चित्रे या वाटेने सुखरूप जाऊ लागली. मजकूर कोणत्या लिपीपद्धतीत आहे, हे मात्र स्क्रिप्टने पत्राच्या माथ्यावर स्पष्ट लिहिले पाहिजे, आणि विषयाची ओळ वेगळ्या संकेतात बांधली पाहिजे. हे न केल्यास ‘पावसाचा इशारा’ या शब्दांऐवजी सभासदास प्रश्नचिन्हांची रांग दिसते. पत्र पोचले, आणि तरीही निरोप पोचला नाही!

पत्र परत आले, तर ते कोणाकडे येते, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. कागदी पत्रात पाकिटावरील पत्ता आणि आतील मायना या दोन वेगळ्या वस्तू असतात. ई-मेलमध्येही तसेच आहे. वाचणारास दिसतो तो मायना. टपालघर पाहते ते पाकीट, आणि न पोचलेले पत्र पाकिटावरच्या पाठविणाराकडे परत जाते. स्क्रिप्ट लिहिणारा मायन्यात गटाचे नाव घालतो, पण पाकिटावर सर्व्हरचे कोणी न वाचणारे खाते तसेच राहते. मग परत आलेली पत्रे महिनोन् महिने एका रिकाम्या खोलीत साचत राहतात; ५५० चा जबाब आलेला असतो, फक्त तो ऐकावयास कोणी नसते. पत्ते बदलतात ही तर नित्याची गोष्ट. उस्मानाबादचे धाराशिव २०२३ साली झाले. टपाल वाटणारा मनुष्य दोन्ही नावे ओळखतो, यंत्र ओळखत नाही. कचेरीने नव्या नावाबरोबर ई-मेलचा पत्ता बदलला, तर जुन्या पत्त्यावर पत्रे सोडणारी स्क्रिप्ट स्वतः होऊन कधीही सुधारणार नाही. म्हणून पाकिटावर जिवंत माणसाचा पत्ता असावा, आणि आठवड्यातून एकदा तरी परत आलेली पत्रे त्याने उघडावीत.

पत्र उशिरा पोचत असेल, तर त्याचे निदान पत्रातच लिहिलेले असते. जुन्या पाकिटावर वाटेतील टपालघरांचे शिक्के उमटत आणि त्यांवरून पत्र कोठे किती दिवस पडून राहिले हे समजे. ई-मेलवरही प्रत्येक टपालघर आपला शिक्का वेळेसह उमटविते. नवा शिक्का जुन्याच्या वर पडतो, म्हणून ते खालून वर वाचावेत. कोणत्या दोन शिक्क्यांच्या मध्ये वेळेची उडी पडली हे दिसले, की उशीर कोणी केला हे उघड होते. जीमेलमध्ये पत्राच्या बाजूच्या यादीतून मूळ पत्र दाखविण्याची आज्ञा दिली, की हे सर्व शिक्के आणि जासूद-मोहोरांचा निकाल कोणासही पाहता येतो.

दुरुस्ती करताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रयोगाचे पत्र आपल्या स्वतःच्याच पत्त्यावर सोडावे. १८० घरांवर प्रयोग करू नयेत. दुसरे, की स्क्रिप्ट अर्ध्यावर बंद पडली म्हणून ती पहिल्यापासून पुन्हा चालवू नये. नाही तर पहिल्या नव्वद जणांस तेच पत्र दोनदा जाते. जावक वहीत कोणास गेले याची नोंद असेल, तर स्क्रिप्ट राहिलेल्यांपासूनच पुढे जाऊ शकते. आणि यंत्राच्या पत्रास यंत्रानेच ‘पत्र मिळाले’ असे उत्तर द्यावे, त्यास पहिल्याने पुन्हा उत्तर द्यावे, असा अखंड संवाद सुरू होऊ नये, यासाठी परतीच्या सूचनेच्या पाकिटावर पाठविणाराची जागा कोरी सोडण्याचा नियम १९८२ पासून आहे. त्याचे उल्लंघन झाले म्हणजे दोन सभ्य यंत्रे एकमेकांचे आभार मानता मानता टपालघर बुडवितात.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणास वाटेल. बाजारभावाचे एखादे पत्र चुकले, म्हणून काय बिघडले? याचे उत्तर याच जिल्ह्याने दिलेले आहे. २०२० च्या ऑक्टोबरात येथे अतिवृष्टी होऊन काढणीस आलेल्या सोयाबीनची नासाडी झाली. पंतप्रधान पीक विमा योजनेत अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट आहे. मुदतीत कळविले नाही, या कारणावरून जिल्ह्यातील लाखो शेतकऱ्यांची भरपाई अडली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तो वाद स्क्रिप्टच्या ई-मेलचा नव्हता, हे खरे. परंतु ‘कळविले’ म्हणजे काय, आणि कळविल्याचा पुरावा कोणी ठेवावयाचा, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आता रोज हजारो ठिकाणी यंत्रांच्या हाती सोपविला जात आहे. शेतकऱ्याने पाठविलेल्या सूचनेची पोच यंत्र देणार. मुदत संपत आल्याची आठवण यंत्र करणार. अर्ज अपुरा आहे हेही यंत्रच कळविणार. अशा पत्रांपैकी एक जरी मध्येच विरले, तरी त्याची किंमत सर्व्हर देत नाही. ती देतो तो बेंबळीच्या शिवारात भिजलेल्या पिकाकडे पाहत उभा असलेला मनुष्य.

तेव्हा ज्याच्या हाती अशी स्क्रिप्ट आहे, मग तो शेतकऱ्यांचा गट असो, शाळा असो की शहरातील गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस असो, त्याने ‘आमच्याकडून गेले’ या शब्दांवर समाधान मानू नये. जावक वही ठेवावी, परत आलेली पत्रे वाचावीत, आणि ज्या पत्रावर कोणाची मुदत किंवा पैसा अवलंबून आहे, त्याची पोच आली नाही तर एक दिवस न दवडता फोन करावा. उत्तर आले नाही म्हणून अस्वस्थ होणे हे यंत्रास साधणारे काम नाही. ते माणसाने आपल्याकडेच ठेवले पाहिजे.